दगड व्हायचं नाहीये, ताई

निपाणीच्या ताई,

पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले. त्यांचं सगळं उरकून तुम्ही विड्या वळायला बसता आणि पुण्याचे दीर रविवारी फोनवर सांगतात, "वहिनी, आईला वेळेवर खायला घाला." परवा तुम्ही सूप आपटलंत, पानं घरभर झाली. "विहारात उपेक्खेबद्दल ऐकलं, पण माझं मन दगड होत नाही," असं लिहिलंय तुम्ही.

उपेक्खा म्हणजे मनाचा समतोल, त्यासाठी दगड व्हायचंच नाहीये. ब्रह्मविहारांत, म्हणजे मनाच्या चार उदात्त भावनांत, उपेक्खा ही मेत्ता (सगळ्यांविषयी मैत्री), करुणा आणि मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) यांच्या सोबतीनं येते. बेपर्वाई वरून तिच्यासारखीच दिसते, म्हणून जुन्या आचार्यांनी तिला उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हटलंय.

बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिलाय. दिरांचं बोलणं लागलं, हा पहिला बाण, तो दुखणारच. 'मी वाईट सून' म्हणत रात्रभर रडलात, तो दुसरा, आपणच आपल्याला मारलेला. राग आला की छाती कशी धडधडते, दात कसे आवळले जातात, तेवढं बघा. त्याला लगेच हाकलू नका.

श्वासावर लक्ष ठेवायचं, पण तंबाखूच्या धुरळ्यात नको. पहाटे, सूप मांडीवर घ्यायच्या आधी, दाराशी दहा मिनिटं बसा. मन फोनकडे पळालं की परत आणा, पन्नासदा पळालं तरी. वळताना लक्ष बोटांवर: पान गुंडाळलं, दोरा आवळला.

मेत्तेची सुरुवात स्वतःपासून करतात. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या प्राणिमात्रांत तुम्हीही आलात, ताई.

दिरांचा प्रश्न मात्र डोळे मिटून सुटणार नाही. तुमच्या मालकांविषयी पत्रात एक ओळही नाही, हे मला खटकलं. येत्या रविवारी त्यांना शेजारी बसवा आणि दिरांना फोनवर सांगा, "भाऊजी, महिन्यातले आठ दिवस तुम्ही या, नाहीतर मदतीच्या बाईचा पगार पाठवा."

विपश्यना ध्यानाचं केंद्र हातकणंगल्याजवळ आळत्याला आहे, फी नसते. पण दहा दिवस मौन आणि फोन बंद. सासूबाईंजवळ कोण, हे ठरल्याशिवाय नाव देऊ नका.

दीड महिना धड झोप नाही म्हणता, त्यासाठी डॉक्टरांना दाखवाच. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, भाषा निवडता येते.

दिरांशी काय बोलणं झालं ते कळवा.

तुमची,
मावशी