‘चर्चने भूमिका स्पष्ट केली’: म्हणजे नेमकी कुणी?

प्रश्न असा आहे: “बातम्यांत ‘चर्चने आपली भूमिका स्पष्ट केली’ असं वाचतो. इमारत भूमिका कशी स्पष्ट करेल? चर्चला नेमका मराठी शब्द कोणता? प्रार्थनास्थळ, ख्रिस्तमंदिर, मंडळी की ख्रिस्तसभा? आणि चर्च हा शब्द ‘चर्चा’वरून आला, हे खरं का?”

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो एका शब्दात संपतो. नाही. उच्चार जुळला की सोयरीक जुळवायची आणि प्रत्येक पाहुण्याचं मूळ गाव संस्कृतात शोधायचं, या हौसेला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. चर्चमध्ये चर्चा होत असेलही, पण ती ग्रामपंचायतीतही होते.

‘प्रार्थनास्थळ’ही बाजूला ठेवू. मशीद, गुरुद्वारा, अग्यारी, देऊळ, सगळ्यांना सारखाच लागू पडणारा हा शब्द पोलीस बंदोबस्ताच्या पत्रकात शोभतो. एखाद्या गोष्टीचं नाव विचारल्यावर तिचा प्रवर्ग सांगण्यात काय हशील?

आता खरी गंमत. इंग्रजी ‘चर्च’, जर्मन ‘किर्खं’ आणि स्कॉटलंडमधला ‘कर्क’ या तिघांचं मूळ ग्रीक ‘कुरिआकोन’मध्ये आहे. कुरिओस म्हणजे प्रभू, आणि कुरिआकोन म्हणजे प्रभूचं. त्यापुढे ‘घर’ अध्याहृत. म्हणजे चर्च हा जन्मतः वास्तूचा शब्द. पण बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूनंतरच्या भागात, हे विशेषण दोनच ठिकाणी येतं, एकदा प्रभूच्या भोजनासाठी आणि एकदा प्रभूच्या दिवसासाठी. इमारतीसाठी एकदाही नाही. येणार तरी कसं? तेव्हा इमारती नव्हत्याच. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरी लोक जमत आणि आद्य धर्मप्रचारक पौल आपल्या पत्रात त्या जमणाऱ्यांना नमस्कार कळवतो. सीरियातल्या दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं. साधं राहतं घर, भिंत पाडून मोठी केलेली खोली आणि बाप्तिस्म्याची वेगळी जागा. भव्य वास्तू आल्या त्या 313 मध्ये कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर.

नव्या करारात जिथे इंग्रजीत ‘चर्च’ वाचतो, तिथे मुळात शब्द आहे ‘एक्लेसिया’. हा शब्द धार्मिक नव्हे. अथेन्समध्ये प्निक्स टेकडीवर भरणारी नागरिकांची सभा म्हणजे एक्लेसिया. युद्ध करायचं का, कर कुणावर बसवायचा, ते तिथे ठरे. काही ठरावांना 6000 लोकांची हजेरी लागे. तोच शब्द लॅटिनमध्ये गेला, लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये ‘इग्रेझा’ झाला आणि गोव्याच्या किनाऱ्याला लागून ‘इगर्ज’ झाला. इगर्ज म्हणजे काय? तर घुमट, घंटा आणि पांढरा चुना असलेली इमारत! आता फुली मारून बघा. माणसांचा शब्द अथेन्सहून निघाला आणि गोव्याला पोचेपर्यंत दगडाचा झाला. घराचा शब्द इंग्रजीत शिरला आणि तिथे माणसांचा झाला. दोन शब्दांनी वाटेत एकमेकांचे बिछाने पळवले. तुम्हाला ‘चर्चने म्हटले’ खटकतं, त्याचं कारण हे आहे. चर्चने नंतर कमावलेला अर्थ बातमीदार वापरतो आणि तुम्ही त्याचा जन्माचा अर्थ धरून बसता.

इथे एका सवयीवर बोलायलाच हवं, कारण ती ऐकून कान किटले आहेत. व्यासपीठावरून हमखास सांगितलं जातं की एक्लेसिया म्हणजे ग्रीक ‘एक्’ (बाहेर) अधिक ‘कालेओ’ (बोलावणे), ‘बाहेर बोलावलेले’, म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर काढलेले निवडक लोक. धातू बरोबर आहेत. निष्कर्ष हवेतला आहे. अथेन्सचा चांभार सभेला निघताना ‘मला जगातून बाहेर बोलावलंय’ असं मनात म्हणत नव्हता. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, धातुपाठात नाही. नव्या करारातच प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात जमाव गोळा होतो, दोन तास घोषणा देत राहतो आणि बहुतेकांना आपण इथे का आलो तेच ठाऊक नसतं. त्या जमावालाही शब्द एक्लेसियाच! राजा जेम्सच्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘असेंब्ली’ घालून वेळ मारून नेली आहे. बायबलमधल्या शब्दांची फोड करून त्यातून सिद्धान्त पिळून काढण्याच्या या खोडीवर जेम्स बार या अभ्यासकाने 1961 मध्ये सडकून लिहिलं. त्याला साठ वर्षं उलटून गेली. प्रवचनं तीच आहेत.

शिवाय ज्यांनी हा शब्द निवडला त्यांच्या डोळ्यांसमोर केवळ अथेन्स नव्हतं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये येऊ लागली, तेव्हा ‘काहाल’, म्हणजे देवापुढे एकत्र उभा राहिलेला इस्राएल, यासाठी भाषांतरकारांनी बऱ्याच ठिकाणी एक्लेसिया वापरला. येशूच्या तोंडी हा शब्द चार शुभवर्तमानांत मिळून फक्त मत्तयाच्या सोळाव्या आणि अठराव्या अध्यायात येतो. सोळाव्यात ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. रचायची आहे खडकावर, क्रियापद बांधकामाचं, आणि रचली जाणार माणसं.

शब्दावरून डोकी फुटू शकतात हे पटत नसेल तर विल्यम टिंडेलकडे बघा. 1526 च्या इंग्रजी नव्या करारात त्याने एक्लेसियाला ‘चर्च’ न म्हणता ‘काँग्रिगेशन’ म्हटलं, म्हणजे जमलेले लोक. पोपच्या बाजूचा इंग्रज विद्वान थॉमस मोर खवळला. का खवळणार नाही? चर्च म्हणजे पोप, बिशप, जमिनी आणि न्यायालयं. काँग्रिगेशन म्हणजे तुम्ही-आम्ही. 1536 मध्ये टिंडेलला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं (आरोप बरेच होते, एका शब्दासाठी कुणी जाळत नाही, पण हा शब्द त्या भांडणाच्या मधोमध होता). पुढे 1604 मध्ये राजा जेम्सने भाषांतरकारांना नियम घालून दिले. त्यातला तिसराच नियम असा की जुने धार्मिक शब्द कायम ठेवावेत आणि चर्चचं काँग्रिगेशन करू नये. राजाला बरोब्बर कळलं होतं.

मराठी बायबलवर असा राजा नव्हता, म्हणून आपल्याला ‘मंडळी’ मिळाली. 1813 मध्ये मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्यामागच्या अमेरिकन बोर्डात भरणा होता तो काँग्रिगेशनल पंथाचा, म्हणजे एका गावात जमणारा मेळावा हेच पुरतं चर्च, त्याच्यावर बिशप नको, असं मानणाऱ्यांचा. टिंडेलचा शब्द असा दूरच्या वाटेने, या मिशनबरोबर, अहमदनगरला पोचला आणि तिथे त्याला मंडळी भेटली. तिथे आजही ‘पाळकसाहेब कोणत्या मंडळीचे?’ असंच विचारतात.

मंडळी शब्दाची थोरवी काय, ते आता सांगतो. मंडल म्हणजे वर्तुळ हे सगळ्यांना माहीत आहे, सोडून देऊ. नाटक मंडळी, भजनी मंडळी, वऱ्हाडी मंडळी, तेही सोडा. माझा मुद्दा तिसऱ्याच वापरावर आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. तो म्हणे, ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे.’ एकच बाई, शब्द समूहाचा! ‘आमचं कुटुंब’ही त्याच जातीचं. संस्कृतात याहून मासलेवाईक उदाहरण आहे: बायको या अर्थाचा ‘दार’ शब्द पुल्लिंगी आणि कायम बहुवचनात, बायको एक असली तरी ‘दाराः’. आणि आता इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. पतींनो, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी तुम्ही पत्नीवर करा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तर ती वधू होऊन नटून येते. बहुतेक भाषांना हे रूपक समजावून सांगावं लागतं: अनेक माणसं मिळून एक बायको कशी? जुन्या मराठी घराला सांगावं लागलंच नसेल. ख्रिस्ताची मंडळी म्हटलं की दोन्ही अर्थ एकाच दमात उभे राहतात.

हे योजून झालं असेल का? मिशनऱ्यांना मराठी शिकवणारे पंडित घरी जाऊन ‘आमची मंडळी’ म्हणतच असणार. त्यांना हा दुसरा अर्थ ऐकू आला नसेल हे मला पटत नाही. कागदोपत्री पुरावा माझ्यापाशी नाही, तर्क आहे, आणि तो मी सोडणार नाही. ज्यांना हा योगायोग वाटतो त्यांनी लिंग तपासावं. एक्लेसिया स्त्रीलिंगी, मंडळी स्त्रीलिंगी. चर्च मराठीत नपुंसकलिंगी, देऊळ नपुंसकलिंगी, समाज पुल्लिंगी. यांपैकी वधू कोण होऊ शकेल ते तुम्हीच ठरवा. कॅथलिकांची ‘ख्रिस्तसभा’ स्त्रीलिंगी आहे हे मान्य, पण सभेला इतिवृत्त असतं, अध्यक्ष असतो आणि आभारप्रदर्शन झालं की ती संपते. मंडळी घरी गेली तरी मंडळीच राहते.

म्हणूनच ‘आमची मंडळी दुरुस्तीसाठी बंद आहे’ असं कुणी म्हणालं की मी हसू दाबतो. मंडळी कधी गळत नाही, मंडळीला रंग देत नाहीत. रंग उपासनामंदिराला द्यावा.

नारायण वामन टिळकांना मात्र हा शब्द अपुरा वाटला असावा. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. दोन वर्षांत ते गेले. त्यांची तक्रार खरी होती, मंडळीचं मिशनचं खातं झालं होतं. पण उपाय म्हणून निवडलेला शब्द मला रुचत नाही. दरबारात सिंहासन एका टोकाला असतं, बाकीचे मानाप्रमाणे ओळीत. टिळकांना हवा होता बंधुभाव, आणि तो तर मंडलातच आयता होता.

वसईकडे काय म्हणतात, हे कुणीतरी विचारणारच. तिथल्या आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती बोलींत ‘देऊळ’ म्हणतात, आणि बाहेरच्यांना ते ऐकून दचकायला होतं. दचकू नका. देऊळ म्हणजे देवकुल, जसं राऊळ म्हणजे राजकुल. कुल म्हणजे घरही आणि घरातली माणसंही, तेव्हा इमारत की माणसं हा वाद या शब्दाने पोटातच मिटवला आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, किल्ल्यातल्या वास्तू पुढे ओस पडल्या, एक पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात जाऊन टांगली गेली. गावोगावची ख्रिस्ती माणसं मात्र जागची हलली नाहीत. चर्च म्हणजे काय, याचं याहून चांगलं टिपण कोणत्या कोशात सापडेल?

आणि ही माणसं जमून करतात काय? प्रेषितांच्या कृत्यांत चार कामं दिली आहेत: शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे, प्रार्थना. घरी पडद्यावर प्रवचन ऐकून पहिलं आणि चौथं उरकता येईल. मधली दोन एकट्याने होत नाहीत. येशूनेही दोघा-तिघांची अट घातलीच आहे, आणि मराठीत एकट्या माणसाला मंडळी म्हणायचं तर त्याचं लग्न झालेलं असावं लागतं.

हां, बातमीचं राहिलं. ‘चर्चने म्हटले’ हे व्याकरणाने चूक नाही, आळशी आहे. बोललं कोण ते लिहा: बिशप, बिशपांची परिषद, धर्मग्रामाची (पॅरिशची) समिती, मंडळीचे पंच. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या आपल्या दस्तऐवजात आधी ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण घातलं आणि बिशपांचं त्यानंतर. बातमीदारांनी निदान तेवढं तरी मनावर घ्यावं. इमारतीला चर्च खुशाल म्हणा, रुळलेला शब्द आहे. फक्त ‘चर्चेस’ नको. एक चर्च, दोन चर्च.