आजीला माणसं दिसतात तेव्हा
आशा सेविकेचं काम नवंय तुझं, म्हणून सांगते. काचबिंदूनं नजर गेलेली एखादी आजी म्हणेल, "माय, ओसरीवर फेटेवाली माणसं बसलीत, बोलत मात्र न्हाईत." घरचे लगेच देवऋषाकडं निघतात. थांबव त्यांना. डोळ्यांकडून काही येईना झालं की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्येच आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय. आधी विचार, आवाजही येतात का? येत असतील, ताप असेल, आजी गोंधळली असेल, तर प्रकरण वेगळं. त्याच दिवशी डॉक्टर. नुसतं दिसत असेल तरी अंबाजोगाईला डोळे दाखवायला लाव. तोवर खोलीत उजेड ठेवा, नजर इकडंतिकडं फिरवायला सांग. कधीकधी त्यानं चित्र विरतं. आणि सुनेसमोर 'वेड' म्हणू नको, आजी पुन्हा तोंड उघडायची नाही.