माझा ८७००के (इंटेलचा प्रोसेसर) ४.८ गिगाहर्ट्झच्या पुढे टिकत नाही, इतरांचा ५.१ ला चालतो. व्होल्टेज अजून वाढवू का, की माझंच काही चुकतंय?

नाही, तुमचं काही चुकत नाहीये. आणि व्होल्टेज वाढवू नका.

तुमचा प्रोसेसर १.३० व्होल्टला ४.८ गिगाहर्ट्झवर दिवसदिवस चालतो, ५.० ला १.३८ देऊनही अर्ध्या तासात निळा पडदा येतो, आणि त्याच मॉडेलवर लोक ५.१ चे फोटो टाकतात, असं तुम्ही लिहिलंय. एरवी असे प्रश्न वाचून मी पुढे जातो. पण "की माझंच काही चुकतंय" इथे अडकलो. २०११ मध्ये सहा आठवडे रोज रात्री मी स्वतःला हेच विचारत होतो.

त्या वर्षी इंटेलचे सँडी ब्रिज पिढीचे प्रोसेसर नुकते आले होते. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी एकाच आठवड्यात आय५ २५००के घेतला. मदरबोर्डचं मॉडेल एकच, कूलर एकच. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि घरात कुठलंही मशीन अडलं की त्यालाच हाक मारायची, हे ठरलेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: १.३६ व्होल्टला ४.८, रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन चुका पकडणारा प्रोग्राम) चाललं, एकही चूक नाही.

माझा ४.४ पर्यंत गुमान चालायचा. ४.५ लावलं की वीसेक मिनिटांत तिसरा वर्कर (प्राइम९५ प्रत्येक कोअरवर एक चालवतं) थांबायचा. राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं, अशी एक ओळ यायची आणि त्याच्या चौकटीत पुढे काही हलायचं नाही. बाकीचे तीन वर्कर आपले चालूच. १.३६ दिलं, १.३८ दिलं, १.४० दिलं. वीस मिनिटांचे चाळीस झाले, मग दीड तास. पण पडायचा तो तिसराच.

दादाला सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "काहीतरी करायचं राहिलंय तुझं. चिप तीच आहे ना?" मग मी थर्मल पेस्ट तीनदा पुसून पुन्हा लावली. रॅमची एकेक स्टिक काढून पाहिली. एका मित्राचा पॉवर सप्लाय आणून जोडला. लोडलाइन कॅलिब्रेशनची (ताण आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) प्रत्येक पायरी लावून बघितली. सगळं वहीत लिहीत होतो: तारीख, मल्टिप्लायर (वेग ठरवणारा आकडा), व्होल्टेज, तापमान, किती मिनिटांनी पडला, कुठला वर्कर. शेवटच्या रकान्यात पानामागून पान तिसरा, तिसरा, तिसरा.

आणि मग मी ती चूक केली जिच्यामुळे हे एवढं लांबलचक लिहितोय. १.४० ला ४.५ वर गेम तासन्‌तास नीट चालत होते, म्हणून "एवढं पुरे" म्हणून मी तेच कायम ठेवलं. दादाला सांगायला ४.५ तरी हवा होता. त्याच आठवड्यात जागा कमी पडली म्हणून बरेच जुने फोटो सेव्हन-झिपने बांधून ठेवले आणि मूळ फोल्डर पुसून टाकले. मशीन एकदाही बंद पडलं नाही, एकदाही तक्रार केली नाही. दोन महिन्यांनी एक फाईल उघडायला गेलो तर सीआरसी (फाईल शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) चुकला. चाळीसेक फायलींपैकी तीन अशा निघाल्या. त्यात माझ्या भाचीच्या पहिल्या वर्षातले चार महिने होते. बहिणीकडे त्यातले थोडे फोटो होते, बाकीचे गेले ते गेलेच.

प्रोसेसर मर्यादेच्या पुढे गेला की प्रत्येक वेळी निळा पडदा दाखवतोच असं नाही. कधी कधी तो नुसतं चुकीचं उत्तर देतो आणि पुढे जातो. निळा पडदा आला तर निदान कळतं तरी.

फोटो गेल्यावर मी दादाकडे मशीन घेऊन गेलो आणि म्हटलं, चिपा बदलून बघू. दोन्ही मशीनं शेजारी शेजारी उघडून ठेवली. कूलर काढले, अल्कोहोलने पेस्ट पुसली, कडेच्या खाचा जुळवून त्याची चिप माझ्या सॉकेटमध्ये आणि माझी त्याच्या. ती सॉकेटची दांडी खाली दाबताना जो करकर आवाज येतो, त्याने मला अजूनही धस्स होतं. बायोसमध्ये दोन्हीकडे त्याचेच आकडे लावले: ४.८, १.३६. माझ्या बोर्डात त्याची चिप सकाळपर्यंत चालली. माझी चिप त्याच्या बोर्डात विंडोजपर्यंतसुद्धा पोचली नाही. ४.५ आणि १.४० ला आणली, तेव्हा तासाभराने वर्कर थांबला. तिसरा. त्याच्या बोर्डात, त्याच्या रॅमवर, त्याच्या पॉवर सप्लायवर, त्याने स्वतः लावलेल्या पेस्टखाली.

असं का होतं, तर ४.८ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका साधारण २०८ पिकोसेकंदांचा असतो आणि ५.० ला २०० चा. तेवढ्या वेळात सिग्नलला एका टोकापासून निघून गेट्सची साखळी ओलांडून दुसऱ्या टोकाला पोचायचं असतं. चिपमध्ये अशा साखळ्या अगणित, आणि मर्यादा ठरते ती सगळ्यांत मंद साखळीवरून. बनवताना ट्रान्झिस्टर किंचित वेगवेगळे उतरतात, एकाच वेफरवरच्या शेजारशेजारच्या चिपासुद्धा सारख्या नसतात, आणि एकाच चिपमधले कोअरही नसतात. माझ्या तिसऱ्या कोअरमधली कुठली तरी साखळी मंद होती, बस. व्होल्टेज वाढवलं की गेट लवकर पलटतात, म्हणून थोडं पुढे जाता येतं. पण त्याने उष्णता वाढते, आणि तापलेली चिप पुन्हा मंदावते. तुमचंच घ्या. १.३० वरून १.४२ वर आणि ४.८ वरून ५.० वर गेलात तर वेग ४ टक्के वाढेल आणि स्विचिंगची वीज जवळजवळ २४ टक्के, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि शिवाय वेगाच्या पटीत वाढते. गळती (काही काम नसतानाही वाया जाणारी वीज) वेगळीच. सारं कशासाठी, तर ८ पिकोसेकंदांसाठी.

दादाने ती रात्र डोळ्यांनी पाहिली. तरी काय म्हणाला? "तू आधीच जास्त व्होल्टेज देऊन चिप मारलीस, म्हणून आता चालत नाही." आजही विषय निघाला की हेच म्हणतो. म्हणून इथे लिहून ठेवतो. वहीचं पहिलं पान, पहिली रात्र: ४.५, १.३४, तिसरा वर्कर, १८ मिनिटं. त्या चिपला तोवर त्याहून जास्त व्होल्टेज मिळालंच नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून तशीच होती आणि तिच्या परीने उत्तम होती. ३.३ म्हणून विकलेली चिप मी पुढे सहा वर्षं ४.३ ला वापरली. ती कमी पडली असं मी तेव्हा म्हणायचो, आता म्हणणार नाही. कंपनीने ३.३ चं आणि टर्बोला (गरज पडली की आपोआप वाढणारा वेग) ३.७ चं वचन दिलं होतं. ४.८ चं वचन कुणीच दिलं नव्हतं.

जास्त व्होल्टेजने चिप झिजते हे मात्र खरं आहे. जास्त करंट आणि जास्त तापमानात बारीक तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकतात, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं काय झालं ते आठवा: मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कंपनीचा प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, त्याने चिपांना लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकलं, आणि ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला तरी आधीच बिघडलेल्या चिपा त्याने बऱ्या होणार नव्हत्या. बनवणाऱ्याच्या हातून हे होतं, तर आपण बायोसमध्ये बसून १.४५ टाकताना दहादा विचार केलेला बरा.

लोकांच्या ५.१ बद्दल. तो स्क्रीनशॉट घ्यायला दोन सेकंद पुरतात. खाली कुठली चाचणी, किती तास, एव्हीएक्स (जड गणिताच्या खास सूचना) चालू होतं का, काहीच लिहिलेलं नसतं. आणि ज्यांची चिप ४.८ ला अडली ते फोटो टाकायला येत नाहीत. शिवाय प्रत्येक बोर्ड व्होल्टेज वेगळ्या जागी मोजतो, त्यामुळे त्यांचा १.३५ आणि तुमचा १.३५ एकच असेल असं धरू नका.

जुन्या काळच्या गोष्टी ऐकून अपेक्षा ठेवत असाल तर तेही सोडा. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए बस (मूळ घड्याळ) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० ऐवजी सरळ ४५० मेगाहर्ट्झला चालायचा, कारण कंपनी बरंच शिल्लक ठेवून विकत होती. तुमच्या ८७००के ला टर्बो कारखान्यातूनच ४.७ चा आहे. त्यावर ५.० म्हणजे जेमतेम ६ टक्के. शिल्लक होतं ते कंपनीनेच वापरून टाकलंय.

आता काय करायचं: ४.८ ला परत या. तिथे व्होल्टेज १.३० वरून एकेक पायरी खाली आणत किती कमी चालतं ते शोधा, मग एक-दोन पायऱ्या वर ठेवून थांबा. प्राइम९५ रात्रभर चालवा, शिवाय तुमचं जे रोजचं काम असेल तेही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नोंदी बघा. "दुरुस्त झालेली चूक" अशी एक जरी दिसली तरी ते सेटिंग टिकाऊ नाही. आणि हे सगळं होईपर्यंत महत्त्वाच्या फायली त्या मशीनवर बांधू नका, हलवू नका, मूळ प्रती पुसू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुम्ही तापमान लिहिलेलं नाही. ८७००के मध्ये चिपवरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर नाही, पेस्ट आहे (माझ्या २५००के मध्ये सोल्डर होतं), त्यामुळे चांगला कूलर असूनही कोअर ९० च्या वर जाऊ शकतात. तुमची चिप ५.० ला ९५ अंशांवर पडत असेल, तर अडचण उष्णतेची असू शकते, आणि झाकण काढून लिक्विड मेटल लावणाऱ्यांना तिथे खरोखर फरक पडतो. मग माझं वरचं "नाही" थोडं सैल समजा. पण ७५ अंशांवरच पडत असेल तर ती चिपची हद्द आहे, झाकणाला हात लावू नका. एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्सच्या कामात वेग किती पायऱ्या कमी करायचा ते) शून्य ठेवला असेल तर तो २ करून एकदा ५.० पाहायला हरकत नाही. तेवढ्यावर टिकला तर एव्हीएक्सचं काम ४.८ ला होईल आणि बाकीचं ५.० ला.

पडताना कोअरचं तापमान किती असतं आणि दर वेळी तोच कोअर पडतो का, हे दोन आकडे लिहा. तोच असेल तर वहीत त्याचा नंबर लिहून ठेवा, पुढे कुणी काही म्हणालं तर लागेल.