कार्गो की प्रवासी? आधी मुलाचे डोळे तपासा

(पत्र थोडक्यात : पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आहे. मुलगा यंदा बारावी सायन्सला, अकरावीला ६८ टक्के. त्याला पायलट करायचं ठरलंय. प्रवासी विमानाच्या पायलटची कमाई जास्त की मालवाहू विमानाच्या, एवढंच त्यांना विचारायचंय. सोबत वय २१ ते ६५ पर्यंतच्या कमाईचा तक्ता जोडलाय. नाशिकच्या एका सल्लागाराने 'कार्गो पायलट'चं पॅकेज सांगितलंय आणि त्यासाठी दीड एकराचा प्लॉट विकायची त्यांची तयारी आहे.)

नमस्कार दादा,

तक्ता बघितला. वर्षाला एक ओळ, प्रत्येक ओळीत पगार, शेवटी बेरीज. एक्स्पोर्टसाठी फवारणीची वही ठेवणाऱ्या माणसाचा हात लगेच ओळखू येतो. पण मी पेन्सिलीने खुणा केल्या त्या तक्त्यावर नाही, पत्रातल्या दोन वाक्यांवर. एक : 'त्याला विचारलं तर गप्प बसतो, म्हणजे त्याची हरकत नाही.' दुसरं : 'बागेत लक्ष नाही, क्रिमसन द्राक्षांच्या खुड्याला उभा केला तर लाल सोडून कच्चे हिरवे घड कापतो, सांगून सांगून थकलो.'

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचा निकाल एका दुपारीत लागेल.

दादा, अठरा वर्षं बागेत वाढलेलं पोर लाल आणि हिरवा घड ओळखत नाही, याला तुम्ही आळस म्हणताय. असेलही आळस. पण मला शंका वेगळीच आहे. त्याला ते दोन रंग वेगळे दिसतच नसतील तर? लाल-हिरव्याचं रंगांधत्व पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ते आईच्या बाजूने येतं. मुलाच्या मामांना, आईच्या वडिलांना असं काही होतं का, घरात विचारा. ज्याला ते असतं त्याला स्वतःलाही अनेकदा पत्ता नसतो. सगळ्यांना असंच दिसतं, असं तो धरून चालतो. आणि वडील रोज 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून ओरडत असतील, तर पोरगा गप्पच बसायला शिकतो.

पायलटच्या मेडिकलमध्ये रंग ओळखण्याची चाचणी असते. रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेले आकडे वाचायचे, तिला इशिहारा म्हणतात. तिथे अडला तर पुढची चाचणी असते. तीही जमली नाही, तर व्यावसायिक लायसन्सचा रस्ता तिथेच संपतो. मग प्रवासी काय आणि कार्गो काय. त्या चाचणीचं पुस्तक कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे मिळेल. पिंपळगावात करा, नाशिकला या, पण या आठवड्यात करा. डोळे ठीक निघाले तर पुढे डीजीसीएचं (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या. प्लॉटचा विषय क्लास वनचा कागद हातात आल्यावर. तोपर्यंत सातबारा कपाटात राहू द्या.

आणि त्याच्यावर ओरडणं आजपासून बंद करा. निकाल काहीही लागो.

आता 'गप्प बसतो'. माझ्यासमोर दर वर्षी अशी मुलं बसतात. वडील बोलतात, मुलगा टेबलावरच्या पेपरवेटशी खेळतो. वडिलांना चहा प्यायला बाहेर पाठवलं की दहा मिनिटांत वेगळाच मुलगा बोलायला लागतो. तुमच्या चार पानी पत्रात त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही. त्याला विमान आवडतं का, ओझरच्या बाजूला विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या विमानाचा आवाज आला तर तो वर बघतो का, मला काहीच कळलं नाही. कळलं ते त्याच्या ६५ व्या वर्षीचं उत्पन्न. मोठ्या मुलीबद्दलही एकच ओळ आहे : 'फिजिक्स घेऊन बीएस्सी करते, तिचं होईल काहीतरी.' तिला कुणी विचारलं होतं का? आपल्याकडे पायलटांत बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून सहज विचारतो.

बरं, तुमचा मूळ प्रश्न. सल्लागाराने सांगितलेलं 'कार्गो पायलट'चं वेगळं पॅकेज म्हणजे शुद्ध थाप आहे. लायसन्स एकच असतं. दोनशे तास उड्डाण करून मिळणारं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स घेतलं, की पुढे टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवायची परवानगी. मागे माणसं बसलीत की खोकी, हे त्या लायसन्सवर लिहिलेलं नसतं. इंडिगोकडे २०२२ पासून ए-३२१ जातीची मालवाहू विमानं आहेत आणि त्याच कुटुंबातली प्रवासी विमानं तर शेकड्यांनी. टाइप रेटिंग तेच. प्रवासी विमानाच्या पोटातही माल असतोच. आपल्या ओझरहून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्यात, ते विमान चालवणाऱ्याने काही शेळ्यांचा कोर्स केला नव्हता. पगार ठरतो तो कंपनी कोणती, विमान किती मोठं, तुम्ही को-पायलट की कॅप्टन आणि महिन्याला किती तास उडालात, यावर. भारतात नुसता माल वाहणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि त्यांची विमानंही मोजकी. त्यामुळे इथे प्रश्न 'जास्त कुठे मिळतं' हा नाहीच, 'जागा कुठे आहे' हा आहे. जिथे जागा निघेल तिथे मुलगा जाईल.

तक्त्यातला 'कार्गो कॅप्टन, वर्षाला ३ कोटी' हा आकडा खोटा नाही, पण तो अमेरिकेतला आहे. फेडएक्स, यूपीएससारख्या माल वाहणाऱ्या कंपन्यांत मोठ्या विमानाच्या ज्येष्ठ कॅप्टनला तेवढे मिळतात. पण तिथे नोकरीला लागायचं तर अमेरिकेत काम करायचा हक्क आधीच हातात लागतो आणि शिवाय पंधराशे तासांचं लायसन्स. आपला मुलगा पिंपळगावहून अर्ज करून तिथे लागेल, हे डोक्यातून काढा. आणि तिथेही पारडं फिरत राहतं. २०२० मध्ये प्रवासी विमानं जमिनीवर होती (आपल्याकडे २५ मार्च ते २४ मे देशातलं एकही नियमित प्रवासी विमान उडालं नाही), तेव्हा मालवाल्यांची चांदी होती. २०२३ मध्ये डेल्टा या प्रवासी कंपनीच्या पायलटांना चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मिळाला आणि त्याच वर्षी माल कमी झाला म्हणून यूपीएस आपल्या पायलटांना पैसे देऊन लवकर निवृत्त व्हा म्हणत होती. मग ४४ वर्षांची बेरीज कुठल्या वर्षाच्या भावाने करायची?

तुम्ही पिंपळगावच्या बाजारात माल घालणारे आहात. पुकारलेला भाव आणि हातात पडणारी पट्टी यातला फरक मी तुम्हाला काय सांगणार! तक्त्यात सगळा भाव आहे, पट्टी नाही. नोकरीची वाट बघण्यातली वर्षं नाहीत. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली आणि त्या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी गणवेश मिळाला नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये, त्यांच्या पायलटांच्या तक्त्यातही रेघ चढतीच असणार. आणि हप्ता? टाइप रेटिंगसह ६० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तर महिना ८१ हजार. शिकतानाची सवलतीची मुदत संपली की तो सुरू होतो, नोकरी लागलेली असो वा नसो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. म्हणजे एक प्लॉट विकायचा आणि दुसरा गहाण टाकायचा.

मालवाहतुकीबद्दल एकच गोष्ट सांगतो, ती तक्त्यात बसत नाही. कुरिअरची विमानं मुख्यतः रात्री उडतात. संध्याकाळी गोळा केलेलं पार्सल रात्रीत एका ठिकाणी आणून वेगळं करायचं आणि सकाळी दारात पोचवायचं, हाच तो धंदा. अमेरिकेत पायलटांच्या विश्रांतीचे कडक नियम २०१४ पासून लागू झाले, त्यातून मालवाहू पायलटांना खर्चाच्या कारणाने वगळलं. शेतीची लाईट रात्री येते म्हणून दोन वाजता पाण्याची बारी द्यायला तुम्ही किती वर्षं उठताय? ते तीस वर्षं, आणि दर खेपेला वेगळ्या गावी, असं धरा.

परीक्षांचं फार मनावर घेऊ नका. बारावीला फिजिक्स आणि गणित पास, डीजीसीएचे पेपर, रेडिओचं लायसन्स. रायबरेलीजवळच्या सरकारी उड्डाण अकादमीत शिकायचं असेल, तरच तिची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या राज्यात गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे इथेही उड्डाण शिकवतात. पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन उभे राहा आणि शिकणाऱ्या मुलांना विचारा की दोनशे तास पुरे व्हायला खरोखर किती महिने लागले.

मुलाला म्हणावं, मला अर्धं पान लिही. काय आवडतं, काय नको, पायलट व्हायचंय की नाही. तुम्ही ते वाचायचं नाही. इंग्रजीत नको, घरात बोलतो तसं लिहू दे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना मात्र तुम्ही दोघंच जा आणि तो आकडे वाचत असताना तुम्ही बोलू नका.

त्या सल्लागाराला टोकन दिलं का, ते पत्रात नाही. दिलं असेल तर उद्याच जाऊन पावती मागा.