चौथीच्या मुलांशी गोष्टींतून म्हातारपणाबद्दल कसं बोलावं?

भोपळ्यातल्या म्हातारीपासून सुरुवात करा, ती मुलांना पाठ असते. मी जावळीत शिकवते. इथं कितीतरी घरांत आईवडील मुंबईला आणि मुलं आजी-आजोबांपाशी. म्हातारपण रोज दिसतं, पण त्यावर कुणी बोलत नाही. गोष्ट झाली की विचारते, वाघाला म्हातारीनं कशानं फसवलं, ताकदीनं की अकलेनं? मग पुस्तकांतली म्हाताऱ्या माणसांची चित्रं दाखवायची: पांढरे केस, काठी, वाकलेली पाठ. तुमची आजी अशीच आहे का? एकजण ताडकन म्हणाला, "माझी आजी शेतात भांगलायला जाते, काठी नाही घेत!" इथं घाई करू नका, मुलांना बोलू द्या. विसरणं, आजारपण, मरण निघालं तरी विषय बदलू नका, ती घरी हे बघतच असतात.