जुन्या घाटणीचे, खोल कॉम्प्युटर आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) कसे निवडायचे आणि कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाल्डर्स गेट ३ आवडला, मग 'सर्वोत्तम जुने आरपीजी' छापाच्या याद्या बघून चार गेम घेतले, पण एकही दोन तासांपुढे सरकला नाही. लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

लॅपटॉपची काळजी सोडा. खाली सांगितलेले गेम २०-४० वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी लिहिलेले आहेत, तुमच्याकडचं मशीन त्यांना गरजेपेक्षा जास्तच आहे.

दोन तासांत गेम सुटतो त्याला जुने ग्राफिक्स क्वचित कारणीभूत असतात. या गेमांत सगळ्यात अवघड निर्णय सगळ्यात आधी, म्हणजे कॅरेक्टर बनवताना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी माहिती गेमच्या आत नसते. ती डब्यातून येणाऱ्या जाडजूड मॅन्युअलमध्ये छापलेली असायची. आपण मॅन्युअल न उघडता आकडे अंदाजाने टाकतो, पहिल्या गुहेत मार खातो आणि गेम कंटाळवाणा म्हणून बंद करतो. त्यामुळे गेम जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेणार असाल, तर खरेदीसोबत मिळणाऱ्या जादा फाइल्समध्ये मॅन्युअलची पीडीएफ आहे का ते आधी बघा. सगळं वाचायची गरज नाही. कॅरेक्टर आणि लढाई ही दोन प्रकरणं वाचा, अर्धा तास पुरतो.

निवडताना दोन गोष्टी पाहा. पहिली, तुम्हाला खोली कशात हवी आहे: लढाईत, संवादात की जग धुंडाळण्यात? तिन्ही उत्तम असलेले गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसरी खूण माझी आवडती आहे. त्या गेमसाठी चाहत्यांनी लिहिलेला अनधिकृत पॅच (चुका दुरुस्त करणारी फाइल) आहे का, आणि गेम निघून वीस वर्षं झाल्यावरही त्यात भर पडत होती का? फॉलआउट २, आर्केनम, व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स, टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल या सगळ्यांना असे पॅच आहेत. रद्दी गेमवर कोणी फुकटात वर्षानुवर्षं डोकं फोडत नाही.

सुरुवात फॉलआउट (१९९७) पासून करा, असं मी सांगेन. अणुयुद्धानंतरचा कॅलिफोर्निया, टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली करायची) लढाई, एकच कॅरेक्टर, आणि लांबी बेताची. एखाद्या लांब सुटीत संपतो. तुमच्या व्हॉल्टमधली (जमिनीखालच्या आश्रयस्थानातली) पाणी शुद्ध करणारी चिप बिघडली आहे आणि नवी शोधायला १५० दिवस आहेत. हे दिवस गेममधले, घड्याळातले नाहीत, त्यामुळे मुदतीला घाबरून धावपळ करू नका.

तयार कॅरेक्टर घेऊ नका, स्वतः बनवा. 'गिफ्टेड' हा ट्रेट (जन्मजात वैशिष्ट्य) घेतला की सातही गुण एकेकाने वाढतात आणि वाटायला एकूण ४७ मिळतात. ते असे टाका: स्ट्रेंग्थ ५, पर्सेप्शन ७, एन्ड्युरन्स ५, करिष्मा ३, इंटेलिजन्स ९, अजिलिटी १०, लक ८. अजिलिटी १० कशाला? प्रत्येक टर्नला मिळणारे अ‍ॅक्शन पॉइंट म्हणजे ५ अधिक अजिलिटीचा अर्धा भाग. पिस्तुलाची एक गोळी ५ पॉइंट खाते. अजिलिटी १० असेल तर १० पॉइंट मिळतात, म्हणजे दोन गोळ्या. अजिलिटी ५ असेल तर ७ पॉइंट, म्हणजे एकच गोळी, आणि उरलेले दोन पॉइंट दोन पावलं टाकण्यात जातात. एका आकड्याने मारा दुप्पट होतो. नवख्या माणसाला स्क्रीनवर हे कुठेच ठळकपणे दिसत नाही.

इंटेलिजन्सचंही तसंच. दर लेव्हलला स्किल पॉइंट मिळतात ५ अधिक इंटेलिजन्सच्या दुप्पट, आणि गिफ्टेडमुळे त्यातले ५ कापले जातात. इंटेलिजन्स ९ असेल तर हातात १८ येतात. शिवाय संवादातले कितीतरी पर्याय इंटेलिजन्स कमी असेल तर उमटतच नाहीत. (गेम एकदा संपवल्यावर मुद्दाम मठ्ठ कॅरेक्टर घेऊन बघा. तो हुं-हुं करत बोलतो आणि लोक त्याला हाकलून लावतात. ती वेगळीच मजा आहे.)

टॅग करायची (म्हणजे खास कौशल्य म्हणून निवडायची) तीन स्किल्स: स्मॉल गन्स, स्पीच, लॉकपिक. फर्स्ट एड, आउटडोअर्समन, सायन्स, रिपेअर ही पुस्तकं वाचूनही वाढतात, आणि हब नावाच्या शहरात ती विकत मिळतात. म्हणून सुरुवातीलाच त्यांच्यावर टॅग घालवू नका. थ्रोइंग आणि गॅम्बलिंग तर विसरूनच जा.

पहिल्या काही तासांत हटकून होणाऱ्या दोन चुका. व्हॉल्ट १५ या दुसऱ्या व्हॉल्टमध्ये खाली उतरायला दोर लागतात, आणि एक नाही, दोन. ते न घेता गेलात तर आल्या पावली परत. वाटेतल्या शेडी सँड्स गावात शोधाशोध आणि खरेदी आधीच उरकून घ्या. दुसरी चूक इयानबाबत. शेडी सँड्समध्ये भेटणारा हा साथीदार जरूर घ्या, पण त्याच्या हाती सबमशिनगन देऊ नका. तो मध्ये कोण उभं आहे याचा विचार न करता झड सोडतो आणि गोळ्या तुमच्या पाठीत घुसतात. त्याला पिस्तूल पुरे, आणि त्याच्या नेमाच्या रेषेत उभं राहायचं नाही.

सेव्हचे स्लॉट दहाच आहेत. एकाच स्लॉटवर पुन्हा पुन्हा सेव्ह करण्याची सवय इथे महागात पडते. निदान तीन स्लॉट आळीपाळीने वापरा, आणि नव्या गावात शिरण्याआधीचा एक सेव्ह वेगळा राखून ठेवा.

फॉलआउट २ (१९९८) याहून मोठा आणि पसरट आहे, पण पहिला गेम म्हणून घेऊ नका. तो ज्या मंदिरातल्या परीक्षेने सुरू होतो तिथे बंदूकच नसते, त्यामुळे वर सांगितलेलं कॅरेक्टर तिथे लंगडं पडतं. मंदिर ओलांडलं की मग हेच कॅरेक्टर उत्तम चालतं.

दुसरा गेम बाल्डर्स गेट (१९९८). तिसरा भाग खेळून आलेल्याला इथे पहिला धक्का नियमांचा बसतो, कारण हे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत. आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला, उणे असेल तर फारच छान. थॅको नावाच्या आकड्याचं गणित सोपं आहे: तुमच्या थॅकोमधून शत्रूचा आर्मर क्लास वजा करा, वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागला. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याचा थॅको २०. समोरच्याचा आर्मर क्लास ५ असेल तर १५ किंवा वर पडायला हवं, म्हणजे दहा वारांतले तीन लागणार. 'माझा माणूस सारखा हुकतोय, गेम बिघडलाय' असं वाटतं ते यामुळे.

पहिल्या खेपेला फायटर (योद्धा) घ्या. कॉन्स्टिट्यूशन १६ च्या वर नेल्याचा जादा हिट पॉइंटचा (जीवशक्तीचा) फायदा फक्त योद्धा वर्गांना मिळतो, मेज (जादूगार) किंवा थीफ (चोर) यांना नाही. मेजला पहिल्या लेव्हलला फार तर चार-सहा हिट पॉइंट असतात. एक लांडगा त्याला पुरून उरतो. तुमच्यासोबत येणारी इमोएन मात्र धनुष्यासह पाठीमागे उभी करा. धनुष्यातून एका राउंडमध्ये दोन बाण सुटतात, आणि सुरुवातीच्या लेव्हलला याच्याइतकं परिणामकारक शस्त्र नाही. तुमच्या टोळीत मेज आला की त्याला 'स्लीप' हा मंत्र द्या. लुटारूंची अख्खी टोळी झोपते, आणि झोपलेल्यावरचा वार हुकत नाही. गेममधल्या लोखंडाच्या संकटामुळे साधी धातूची शस्त्रं लढता लढता मोडतात. हा बग समजू नका, तो कथेचाच भाग आहे. जादा तलवार जवळ बाळगा. स्पेसबार दाबून गेम थांबवता येतो, आणि ऑटो-पॉजमध्ये 'शत्रू दिसला' हा पर्याय चालू केला की निम्मे मृत्यू टळतात. २०१२ ची एन्हान्स्ड एडिशन घ्या, आजच्या स्क्रीनवर विनाकटकट चालते.

संवाद आणि लेखन हेच हवं असेल तर प्लेनस्केप: टॉर्मेंट (१९९९). लढाई सुमार आहे, ती सहन करायची. विज्डम १८ करा, उरलेले पॉइंट इंटेलिजन्स आणि करिष्मामध्ये वाटा, स्ट्रेंग्थला हात लावू नका. नायक अमर आहे, त्यामुळे मेल्यावर लगेच लोड करण्याची घाई नको. वाचायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊच नका.

आर्केनम (२००१) ट्रोइका गेम्सचा. फॉलआउटच्या मूळ चमूतले तिघे, टिम केन, लेनर्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन, यांची ही कंपनी. वाफेच्या इंजिनांच्या युगात जादूही जिवंत आहे आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. तुम्ही यंत्रविद्येकडे जितके झुकाल तितका साथीदार व्हर्जिलचा बरं करणारा मंत्र तुमच्यावर कमी चालतो, आणि बडा जादूगार झालात तर आगगाडीत बसू देत नाहीत. दोन्हींत थोडं थोडं शिकणारा कशातच धड राहत नाही. एक बाजू धरा. जादूची धरलीत तर 'हार्म' मंत्रावर सगळा गेम निघून जातो, इतका तो असंतुलित आहे. लढाई टर्न-बेस्डवर ठेवा, रिअल-टाइम म्हणजे नुसता गोंधळ. ब्लॅक माउंटन खाणीतले ओर गोलेम तुमची शस्त्रं झिजवतात, तिथे चांगली तलवार पिशवीत ठेवून फालतू शस्त्राने लढा. अनधिकृत पॅच पहिल्या दिवशीच टाका, अर्धा खेळ झाल्यावर टाकायला जाऊ नका, सेव्ह बिघडू शकतात.

इन्स्टॉल करताना कुठलाही जुना गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका. विंडोज तिथे लिहू देत नाही, मग सेव्ह भलत्याच लपलेल्या फोल्डरमध्ये जातात किंवा मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) लागू होत नाही. सी ड्राइव्हवर 'गेम्स' असं साधं फोल्डर करा. हाय-रिझोल्यूशन पॅचमध्ये थेट १९२० बाय १०८० टाकलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. बरोबर निम्मं, ९६० बाय ५४० टाका, चित्र धारदार राहून दुप्पट दिसतं. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीचे गेम डॉसबॉक्समध्ये (ते आज चालवणारा प्रोग्राम) फार जोरात पळत असतील तर कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, एफ१२ ने वाढतो, आणि अडकलेला माउस कंट्रोल-एफ१० ने सुटतो. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागू शकतं.

याहून मागे जायचं असेल तर अल्टिमा ४ (१९८५). जीओजीवर फुकट मिळतो. यात मारायला खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं. शब्द आपलाच, अर्थ बराच वळवलेला. देवळात बसून मंत्र म्हणावा लागतो, आणि आठ मंत्रांपैकी एक चक्क 'ओम' आहे. जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी आहे, किती पैसे ठेवायचे ते तुम्हीच टाइप करता. कमी ठेवले तर ती काही बोलत नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा आतल्या आत घटतो आणि पुढे बऱ्याच तासांनी ते नडतं. लोकांशी बोलताना शब्द टाइप करावे लागतात. पहिली चार अक्षरं पुरतात, आणि नाव व धंदा विचारून सुरुवात करायची. त्यांच्या उत्तरातला जो शब्द वेगळा वाटेल तो पुढे विचारायचा. वही-पेन्सिल नसेल तर हा गेम अशक्य आहे. गाव, माणूस, त्याने उच्चारलेला शब्द, असे तीन रकाने आखून घ्या.

विझर्ड्री ८ (२००१) आणि टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल (२००३) याद्यांमध्ये वर असतात, पण सध्या बाजूला ठेवा. दोन्हीकडे लढाई अव्वल आहे. मात्र विझर्ड्रीमध्ये शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात आणि अर्निकाच्या रस्त्यावर नवखे लोक हमखास अडकतात. टेंपलला को-एट हा मोठा मॉड लावल्याशिवाय हात घालू नये. तुमच्या त्या चार गेमांत यांपैकी एखादा असेल, तर तो फॉलआउट आणि बाल्डर्स गेट संपल्यावर पुन्हा उघडा.