आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका

चार वर्षांच्या मुलाचा एकच गुडघा दोन महिने सुजलाय, ताप नाही, आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह, मग संधिवात नाही ना, असं तुम्ही विचारलंय. तसं अजिबात धरून चालू नका. मुलांच्या एका सांध्याच्या संधिवातात हा फॅक्टर बहुतेक वेळा निगेटिव्हच येतो. वय १६च्या आत, सूज किमान ६ आठवडे आणि दुसरं कुठलंच कारण सापडत नाही, यावरून निदान होतं. म्हणजे आधी बाकीची कारणं तपासायची. आपल्याकडे त्यात टीबी आलाच.

माझं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. लेक तीन वर्षांची असताना सकाळी कोथरूडच्या आमच्या घराचा जिना कठडा धरून, उजवा पाय ताठ ठेवून उतरायची आणि दहा वाजता खाली पळत असायची. जाऊबाई म्हणाल्या, हाडं वाढताहेत. पण वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत, रात्रीचं असतं. त्यात सूज नसते आणि मूल सकाळी लंगडत नाही. भाऊजींचं वेगळंच, "एवढ्याशा पोरांना कुठं संधिवात होतो?" हाडांच्या एका डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी न तपासताच टीबीच्या गोळ्या लिहिल्या. मी त्या सुरू केल्या नाहीत, दुसरीकडे दाखवलं. घरात त्यावरून मोठं वाजलं.

मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी बारीक झाली होती आणि तोच पाय किंचित लांब. मग एमआरआय, गुडघ्यातलं पाणी काढून कल्चर (त्यात जंतू वाढतात का ते बघणं) आणि टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्स्पर्ट तपासणी. टीबी निघाला नाही. एएनए ही रक्ततपासणी मात्र पॉझिटिव्ह. अशा मुलांत डोळ्याला आतून सूज येण्याचा धोका जास्त, म्हणून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळा लाल नाही, दुखत नाही, तरी स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायचं भिंगाचं यंत्र) आतली सूज दिसली! ती अशीच राहिली असती तर नजरेवर बेतलं असतं. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, पुढे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध.

भाऊजी अजून म्हणतात, टीबीच्या गोळ्या घेऊन बघायला काय हरकत होती? हरकत ही, की गुण येतोय का बघण्यात महिने गेले असते आणि डोळा तोवर थांबला नसता. तुमच्याही घरी कुणी असं म्हणेल. ऐकू नका. रक्ततपासणीत एएसओ वाढला म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं सुचवणारेही भेटतील. तो आकडा फक्त घसा कधीतरी बिघडला होता एवढंच सांगतो.

डोळे मात्र एएनए निगेटिव्ह असला तरी दाखवाच.

आता, टीबी खरंच सिद्ध झाला तर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, एक दिवस चुकवू नका. मूल रात्री हाडं दुखतात म्हणून रडत उठत असेल किंवा रक्ताचे आकडे बिघडलेले असतील, तर स्टेरॉइड देण्याआधी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) नाही ना, हे बघायला सांगा. गुडघ्यात कधी काटा मोडला होता का, हेही आठवून बघा, आत राहिलेल्या तुकड्यानेही सूज राहते. आणि मध्येच ताप चढून पाय टेकवेनासा झाला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. सांध्यात पू झाला असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं.